सव्वातीन वर्षं वॉर्डाला नगरसेवक नाही आणि आमच्या पक्षाला त्याचं काहीच नाही

घाटवाट | १९ जून २०२५, रात्री १०:४२

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं चेंबर आहे. गेल्या दिवाळीत कचऱ्याच्या गाडीखाली त्याचं झाकण फुटलं. तेव्हापासून ते उघडं आहे असंही म्हणता येत नाही. आधी कोणीतरी त्यावर दगड ठेवला, मग सुबाभळीची फांदी खोचली, आणि संक्रांतीनंतर शेजारच्या काकूंनी एका फ्लेक्सची चौकट आणून आडवी टाकली. फ्लेक्स वाढदिवसाचा. भाऊंचा अर्धा चेहरा आणि जोडलेल्या हातांपैकी एक हात अजून दिसतो. 'लाडक्या नेतृत्वास' एवढं वाचता येतं, पुढचं चाकांनी नेलं.

पालिकेच्या ॲपवर चार वेळा तक्रार टाकली. चारही वेळा 'निकाली' असा मेसेज आला. एकदा तर सोबत फोटोही आला, दुसऱ्याच कुठल्या तरी चेंबरचा. माजी नगरसेवकाला फोन केला तर म्हणाला, "काका, मी आता माजी. जेई (कनिष्ठ अभियंता) माझाही फोन उचलत नाही." म्हणून शेवटी पक्षाच्या कार्यालयात गेलो. माझ्या पक्षाच्या. १९९५ पासून ह्यांनाच मत देतोय, दोनदा बूथवर पोलिंग एजंट म्हणून दिवसभर बसलोय.

कार्यालयात दोन मुलं लॅपटॉपवर बॅनर लावत होती. कोणाचा फोटो कोणाच्या खांद्याच्या वर, ह्यावर चर्चा. मी तिथे पाऊण तास होतो आणि पाऊण तास तेच चाललं होतं. तालुकाध्यक्षांचं डोकं मोठं झालं तर शहराध्यक्षांना वाईट वाटेल, म्हणून फोन लावून विचारून घेतलं. माझा अर्ज एकाने घेतला, टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि म्हणाला, "साहेब आले की घालतो कानावर." साहेब म्हणजे आमदार. चेंबरच्या झाकणासाठी आमदार!

शहराचं आणि पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा लगेच 'तुमचा पक्ष, आमचा पक्ष' ह्या वळणाला जाणार. माझा मुद्दा वेगळा आहे. आमच्या पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. राज्यातल्या २९ महापालिकांपैकी आज एकाही ठिकाणी निवडून आलेले लोक नाहीत, सगळीकडे प्रशासक. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, कोल्हापूर इथे तर २०२० पासून. घटनेच्या २४३ यू कलमात स्पष्ट आहे की मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. ह्या तीन वर्षांत माझ्या पक्षाने मोर्चे काढले, उपोषणं केली, पुतळे जाळले. पण 'आमच्या वॉर्डांना नगरसेवक द्या' म्हणून एक साधा मोर्चा? मला तरी आठवत नाही. तुमच्या पक्षाने काढला असेल तर सांगा.

---

खवट | १९ जून, ११:१५

नगरसेवक नाहीत हे चांगलंच आहे की. आमच्या वॉर्डात पाच वर्षांत काय झालं? बाकडी, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या, प्रत्येकीवर ह्यांचं नाव. चांगले पेव्हर ब्लॉक उखडून नवे पेव्हर ब्लॉक. प्रशासक आल्यापासून निदान बाकडी तरी थांबली.

---

ऋचा_ल | १९ जून, ११:३१

@खवट, बाकड्यांचं पटलं. पण नगरसेवक नसला की काय होतं ते सांगते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना आधारवरचा पत्ता बदलायचा होता. भाडेकरार नाही, लाईट बिल घरमालकाच्या नावावर. अशा वेळी ठरावीक नमुन्यात दाखला चालतो, तो नगरसेवक देऊ शकतो, आमदार-खासदार देऊ शकतात, राजपत्रित अधिकारी देऊ शकतो. पूर्वी ताई सकाळी सातला नगरसेविकेच्या दारात उभ्या राहायच्या आणि साडेसातला सही घेऊन आमच्याकडे भांड्यांना हजर. ह्या वेळी आमदारांच्या कार्यालयात तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब अधिवेशनात, दुसऱ्यांदा शिक्का दुसऱ्या कार्यालयात, तिसऱ्यांदा फोटोवर सही आडवी आली म्हणून केंद्रावरून परत. तीन दिवसांचे खाडे. राजपत्रित अधिकारी ओळखीचा असणं हे तुमच्या-माझ्यासारख्यांचं भाग्य, त्यांचं नाही.

नगरसेविका भ्रष्ट होती का? असेल. पण चालत जाण्याच्या अंतरावर होती.

---

चहाटपरी | २० जून, सकाळी ७:०५

"पण चालत जाण्याच्या अंतरावर होती." +१००

---

रोखठोक_२ | २० जून, ८:४०

पक्षांना कशाला दोष? प्रकरण सुप्रीम कोर्टात होतं. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सुटल्याशिवाय निवडणूक घेतली असती तर तुम्हीच ओरडला असतात. आणि आरक्षण कोणामुळे गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. मविआने इम्पिरिकल डेटा (ओबीसींची प्रत्यक्ष आकडेवारी) दिला नाही.

---

तांबडी_माती | २० जून, ८:५८

आणि डेटा केंद्राकडे कोणी अडवून ठेवला? तेही सगळ्यांना माहीत आहे. उगाच एकतर्फी नको.

---

रोखठोक_२ | २० जून, ९:०३

आलेच. किती वाजता ड्यूटी सुरू होते आयटी सेलची?

---

व्यवस्थापक | २० जून, ९:२०

दोघांचे पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत. धागाकर्त्याने पक्षाचं नाव का टाळलं ते पहिल्याच लेखात लिहिलंय. कृपया विषयाला धरून.

---

जुनी_वही | २० जून, दुपारी १२:१६

कोर्टाचा मुद्दा वारंवार येतो म्हणून थोडं सविस्तर. कात्रणं ठेवायची सवय आहे, आयडी त्यावरूनच.

मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण ठेवायचं तर तीन अटी पूर्ण करा: स्वतंत्र आयोग नेमा, संस्थानिहाय प्रमाण ठरवा, एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. डिसेंबर २०२१ मध्ये राज्याच्या अध्यादेशाला स्थगिती मिळाली. ४ मे २०२२ ला कोर्टाने राज्य निवडणूक आयोगाला सांगितलं, दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा. जुलैमध्ये ह्याच अटींसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल मान्य झाला. म्हणजे आरक्षणाची गाठ खरं तर तेव्हाच सुटली होती. ऑगस्टमध्ये 'जैसे थे'चा आदेश आला आणि मग तारखांवर तारखा, थेट यंदाच्या ६ मेपर्यंत. तेव्हा कोर्टाने सांगितलं, चार महिन्यांत निवडणुका घ्या.

आता शेजारी बघा. मध्य प्रदेशलाही ह्याच तीन अटी होत्या. १० मे २०२२ ला कोर्टाने त्यांनाही फटकारलं. त्यांनी धावपळ करून अहवाल दिला, १८ मे ला आरक्षणासह निवडणुकीची परवानगी मिळवली आणि जून-जुलैमध्ये मतदान उरकलं. तेच कोर्ट, त्याच अटी. फरक एवढाच की तिथे निवडणूक कोणाला तरी हवी होती.

आणि ऑगस्टमधल्या त्या 'जैसे थे'च्या मागे काय होतं? प्रभागरचना. ती यादी मांडली की कोर्टाला दोष देणं जरा अवघड जातं. २०१७ ला मुंबई सोडून बाकी शहरांत चार सदस्यांचा प्रभाग, म्हणजे एका प्रभागातून चार नगरसेवक. मविआ सरकारने आल्या आल्या कायदा बदलून एकसदस्यीय केला. मग २०२१ मध्ये त्याच सरकारने तीन सदस्यांचा केला. ऑगस्ट २०२२ मध्ये शिंदे सरकारने पुन्हा २०१७ प्रमाणे. मुंबईच्या जागा २२७ च्या २३६ झाल्या, २३६ च्या परत २२७ झाल्या. नगराध्यक्ष थेट जनतेतून की नगरसेवकांतून, तेही तसंच: २०१६ ला थेट, २०२० ला रद्द, २०२२ ला पुन्हा थेट. ह्यातला एकही बदल पाण्याच्या टाकीसाठी किंवा ड्रेनेजसाठी झालेला नाही. कुठल्या रचनेत आपले किती येतात ह्याचा हिशेब, बस.

आणखी एक तारीख वहीत लाल पेनाने लिहून ठेवली आहे. ७ मार्च २०२२. मुंबई महापालिकेच्या मुदतीचा शेवटचा दिवस. त्याच दिवशी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारी विधेयकं मंजूर झाली. एकमताने. एकमेकांचं तोंड न बघणारे लोक, आणि एकमताने.

---

घाटवाट | २० जून, १२:५०

@जुनी_वही, हे 'एकमताने' मला माहीत नव्हतं. धाग्याचं शीर्षक बदलावं असं वाटायला लागलंय. माझा पक्ष त्या दिवशी कुठे बसला होता ते मला ठाऊक आहे. पण कुठल्याही बाकावर बसला असता तरी हात वरच केला असता.

---

कारकुनी | २० जून, सायंकाळी ६:३०

मी एका महापालिकेत नोकरीला आहे, कुठल्या ते विचारू नका.

झाकणाचं सांगतो. जेईकडे पूर्वी एक प्रभाग असायचा, आता तीन-तीन. पदं रिकामी आहेत, भरती रखडली आहे. सकाळी त्याच्या टेबलावर चाळीस तक्रारी असतात. पूर्वी नगरसेवक येऊन आरडाओरडा करायचे, त्यातून काय आधी करायचं ते ठरायचं. पद्धत वाईट होती, पण पद्धत होती. आता मंत्र्यांच्या, आमदारांच्या पीएचे फोन आधी. उरलेल्या वेळात ॲपवरच्या तक्रारी मुदतीत 'बंद' करायच्या असतात, कारण आकडा वर जातो. झाकण बसलं का, हे तपासायला कोणी येत नाही. तुमच्या तक्रारीवर दुसऱ्याच चेंबरचा फोटो कसा आला, त्याचं उत्तर ह्यात आलं.

वरच्या पातळीवर पण तेच. पूर्वी आयुक्त प्रस्ताव मांडायचे, स्थायी समिती मंजूर करायची, सर्वसाधारण सभेत त्यावर भांडणं व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पेपरात यायची. आता प्रस्ताव मांडणारा, मंजूर करणारा आणि अंमलात आणणारा एकच. साहेब प्रामाणिक असतील तर ठीक, नसतील तर तुम्हाला कळणारही नाही. विषयपत्रिकाच बाहेर येत नाही.

---

दादर_पश्चिम | २० जून, ७:१२

मुंबईचं ऐका. २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटी. काही राज्यांचं एवढं नसतं. त्यावर निवडून आलेल्या एकाही माणसाने सभागृहात प्रश्न विचारलेला नाही. २०२३ च्या जुलैत उपनगरच्या पालकमंत्र्यांनी थेट पालिका मुख्यालयात कार्यालय उघडलं. विरोधकांनी गोंधळ घातला, तोही नगरसेवक नाहीत म्हणून नाही, 'आम्हालाही केबिन द्या' म्हणून.

---

ऋचा_ल | २० जून, ७:४०

केबिन :D

पुण्यात ह्याहून विचित्र आहे. ३० जून २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली. ग्रामपंचायती त्याच दिवशी गेल्या. पुढच्या मार्चमध्ये पालिकेची मुदतच संपली. म्हणजे आधी सरपंच गेला आणि नगरसेवक आलाच नाही. तेव्हा दहावीत असलेला मुलगा आता कॉलेजात जाऊन मतदार झाला असेल, आणि त्याने आपल्या गावासाठी निवडून आलेला माणूस बघितलेला नाही. मिळकत कर मात्र शहराचा.

---

प्रभाग_बारा | २१ जून, रात्री १२:०८

बरेच दिवस नुसता वाचक आहे. ह्या धाग्यावर लिहावंसं वाटलं, कारण मी एक टर्म नगरसेवक होतो. पक्ष सांगत नाही, सांगितला तरी फरक पडत नाही.

चार सदस्यांचा प्रभाग. चेंबर तुंबलं की लोक चौघांनाही फोन करायचे आणि चौघंही म्हणायचो, ते तिकडच्याचं आहे. हे मी केलंय, कबूल. पण सकाळी साडेसहाला बेल वाजायची ती साडेनऊपर्यंत थांबायची नाही. दाखला, शाळेचं ॲडमिशन, सासऱ्यांना दवाखान्यात बेड, टँकर, नवऱ्याला पोलिसांनी नेलंय. बायको दारात चपला मोजायची. ऐंशीच्या वर गेल्या की दुसऱ्यांदा चहा टाकायची नाही.

आता पक्षाचं. पाच वर्षांत पक्षाने मला काय विचारलं? सभेला किती माणसं, गाड्या किती, बॅनर किती, सदस्यनोंदणीचं टार्गेट किती झालं. एका बैठकीत मी पाण्याचा विषय काढला. वस्तीत दिवसाआड पाणी यायचं आणि तेही रात्री अडीचला. वरिष्ठ म्हणाले, "हा संघटनात्मक बैठकीचा विषय नाही." मग कुठल्या बैठकीचा, असं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पुढच्या तिकिटाचा विचार होता डोक्यात.

मुदत संपल्यावर आम्ही माजी लोक शहराध्यक्षांना भेटलो. निवडणुकीसाठी काहीतरी आंदोलन करू म्हणालो. ते हसले. नंतर गाडीत एका जुन्या कार्यकर्त्याने समजावलं. आमदाराला विरोधी पक्षाचा उमेदवार परवडतो, तो पाच वर्षांतून एकदा येतो. पण स्वतःच्या पक्षाचा चांगला नगरसेवक म्हणजे पुढच्या विधानसभेला तिकीट मागणारा माणूस, रोज सकाळी साडेसहापासून तयारी करणारा. तो नसेल तर सगळा निधी, सगळी उद्घाटनं, सगळे अर्ज एकाच दारात. तुमचा अर्ज काचेखाली का गेला हे त्यावरून समजून घ्या. मुलाची चूक नाही. त्या कार्यालयात आता झाकणाचं काम करणारा माणूसच नाही. आम्हीच नाही.

पुढे २०२२ मध्ये एक पक्ष फुटला, २०२३ मध्ये दुसरा. नाव कोणाचं, चिन्ह कोणाचं ह्यासाठी निवडणूक आयोग झाला, अध्यक्षांपुढे सुनावण्या झाल्या, कोर्ट झालं. मोठमोठे वकील उभे राहिले. वॉर्डांच्या निवडणुकीसाठी त्यातला एक तरी वकील कोणी उभा केला असता तर? माझ्या ओळखीच्या तीन माजी नगरसेवकांनी ह्या काळात दोनदा पक्ष बदलला. लोक विचारतात, आता कुठल्या पक्षात? ते म्हणतात, साहेब जिथे तिथे.

---

घाटवाट | २१ जून, सकाळी ६:५०

@प्रभाग_बारा, इतकं मोकळं लिहिल्याबद्दल आभार. चपलांचं वाचून मला आमच्या नगरसेवकाचा जिना आठवला. एवढ्यात शिव्या घालायचं मन होत नाही.

---

खवट | २१ जून, ९:२५

माजी नगरसेवक प्रामाणिक असल्याचं बघून बरं वाटलं, पण एक विचारतो. तुमच्या त्या ऐंशी चपला म्हणजे तरी काय? दाखला, बेड, ॲडमिशन हे सगळं खिडकीवर मिळायला हवं. ते मिळत नाही म्हणून लोक तुमच्या दारात, आणि दारात आले म्हणून तुम्हाला मतं. खिडकी सुधारली तर तुमचं दुकान बंद. त्यामुळे खिडकी सुधारणं कुठल्याच पक्षाच्या फायद्याचं नाही, नगरसेवक असो वा नसो.

---

प्रभाग_बारा | २१ जून, १०:११

ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. खरं आहे.

---

कारकुनी | २१ जून, १०:३०

खिडकीच्या आत बसलेला माणूस म्हणून सांगतो, खिडकीही आपोआप सुधारत नाही. कोणीतरी सभागृहात उभं राहून 'तीन महिने दाखले का रखडले' असं विचारलं की आमच्याकडे दोन माणसं वाढायची. ते विचारणंच बंद झालंय.

---

चहाटपरी | २१ जून, ११:००

मग करायचं काय? नोटा?

---

जुनी_वही | २१ जून, दुपारी १:४४

नोटाने झाकण बसत नाही. एक विसरलेली गोष्ट आहे, क्षेत्रसभा. गावात ग्रामसभा असते तशी शहरात. २००९ मध्ये महापालिका कायद्यात तरतूद आली. नगरसेवकाने भागातल्या मतदारांना बोलवायचं, कामांचा क्रम त्यांनी ठरवायचा. राज्यात सरकारं बदलली, सगळे मोठे पक्ष सत्तेवर येऊन गेले, आणि ही सभा भरवायची घाई एकालाही झाली नाही. उमेदवार दारात आला की एवढंच विचारा: पहिली क्षेत्रसभा कोणत्या महिन्यात घेणार? कोऱ्या कागदावर लिहून द्या म्हणा. बघा चेहरा कसा होतो.

आणि हो, १० जूनला प्रभागरचनेचे आदेश निघालेत. मुंबईत एक, बाकी ठिकाणी मुख्यतः चारचा प्रभाग. म्हणजे 'ते तिकडच्याचं आहे' परत सुरू.

---

रोखठोक_२ | २१ जून, २:१०

कोर्टाने चार महिन्यांची मुदत दिली आहे. सप्टेंबरपर्यंत निवडणुका होतील. थोडा धीर धरा.

---

घाटवाट | १७ सप्टेंबर २०२५, रात्री ९:३०

धागा वर काढतोय. काल कोर्टाने मुदत वाढवून दिली, ३१ जानेवारी २०२६. ह्यापुढे वाढ नाही म्हणालेत. @रोखठोक_२, धीर धरलाय.

गणपतीत पक्षाची मुलं घरी आली होती. तीच, बॅनरवाली. इच्छुकांची माहितीपत्रकं आणि एक फॉर्म. नाव, मोबाईल, घरात मतं किती, गणेश मंडळ कुठलं, जात (ऐच्छिक). तक्रारीसाठी रकाना नव्हता. मी म्हटलं, जूनमध्ये अर्ज दिला होता, काचेखाली आहे. तो बिचारा ओशाळला. "काका, काच फुटली, टेबल बदललं." मग त्याने फॉर्मच्या मागच्या बाजूला पेनाने लिहून घेतलं, 'गल्ली नं. ४ झाकण', आणि खाली दोन रेघा मारल्या.

गेल्या आठवड्यात झाकण आलं. नवीन, सिमेंटचं. पण गोल चेंबरला चौकोनी, आणि तेही लहान. एक कोपरा आत जातो, स्कूटर गेली की खडाक वाजतं. काकूंनी भाऊंना पुन्हा वर टाकलंय.

---

कारकुनी | १७ सप्टेंबर, ९:५२

चौकोनी कुठल्या तरी दुसऱ्या कामातलं उरलेलं असेल. चेंबरचं तोंड मोजून टाका ना इथे, बाहेरची कड धरून. आमच्या स्टोअरला गोल जुनी बिडाची पडून आहेत, कोणाला सांगायचं ते बघतो.

---

घाटवाट | १७ सप्टेंबर, १०:०५

आत्ता टॉर्च घेऊन मोजलं. बावीस इंच, बाहेरची कड धरून तेवीस.